वाचकाला ‘आपला’ वाटणारा अंक: ठरावीक समाजगटासाठी नियतकालिकाची मांडणी कशी करावी

एखादे मासिक ‘महिलांसाठी’, ‘शेतकऱ्यांसाठी’ किंवा ‘युवकांसाठी’ आहे, असे संपादकीयात लिहून भागत नाही. वाचक संपादकीय सगळ्यात शेवटी वाचतो. त्याआधी त्याने कव्हर पाहिलेले असते, कागद बोटांनी चाचपलेला असतो, फोटोतल्या माणसाची टोपी कुठल्या भागातली आहे हे ओळखलेले असते. अंक आपल्यासाठी आहे की आपल्याविषयी दुसऱ्याच कोणासाठी, हा निकाल त्याने तिथेच दिलेला असतो. मांडणी करणाऱ्याचे निम्मे काम या निकालाशी निगडित आहे.

मराठीत याचे जुने आणि ठसठशीत उदाहरण म्हणजे ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायक’चे मास्टहेड, म्हणजे पहिल्या पानावरचा नावाचा पट्टा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नावाबरोबर तुकोबांचा अभंग घेतला. १९२७च्या ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या घेतल्या. पाक्षिक कोणाचे, कोणत्या आवाजात बोलणार आणि कुठल्या परंपरेवर हक्क सांगणार, हे पहिल्या दोन इंचांतच कळत होते. त्यासाठी रंगीत कव्हर लागले नाही.

खालची कृती समजायला सोपी जावी म्हणून एकच नमुना धरला आहे: विदर्भ-मराठवाड्याच्या कापूस-सोयाबीन पट्ट्यातल्या शेतकरी स्त्रियांसाठी ४८ पानांचे त्रैमासिक. गट दुसरा असेल तर आकडे बदलतील, क्रम हाच राहील.

१. वाचक नव्हे, वाचनाचा प्रसंग ठरवा

‘ग्रामीण स्त्रिया, वय २५ ते ४५’ हे वर्णन जाहिरातदाराच्या कामाचे आहे, मांडणीकाराच्या नाही. त्याला हवी असतात पाच उत्तरे: अंक कुठे वाचला जातो, कोणत्या उजेडात, सलग किती वेळ, पैसे कोण देतो, आणि एक प्रत किती हातांतून फिरते.

आपल्या नमुन्यात अंक बचत गटाच्या बैठकीत येतो, एकजण मोठ्याने वाचते, बाकीच्या ऐकतात, मग तो घरोघर फिरतो. एवढ्यावरूनच अर्धे निर्णय होतात. मोठ्याने वाचायचे असेल तर ‘पुढील मजकूर पान ४१ वर’ चालणार नाही, कारण वाचणारीची लय तुटते. लेखाच्या मधोमध चौकटी नकोत. समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एकच चौकट, तीही खाली. अंक दहा हातांतून जाणार असेल तर कव्हर लॅमिनेट हवेच. रात्री एका दिव्याखाली वाचन होणार असेल तर आतला कागद चकचकीत नको.

वाचकगटाप्रमाणे मांडणीचे मूळ साधनच कसे बदलते हे पाहायचे असेल तर २००८पासून निघणारे मराठी ब्रेल पाक्षिक ‘स्पर्शज्ञान’ आठवावे. ब्रेलमध्ये मथळा मोठा किंवा ठळक करण्याची सोय नाही. मथळा कुठे संपतो आणि बातमी कुठे सुरू होते, हे रिकाम्या ओळीने आणि ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेने बोटांना कळवावे लागते.

२. जुन्या अंकांची मोजणी करा

नवा ले-आउट आखण्याआधी आपलेच किंवा त्याच गटासाठीचे दुसऱ्या कोणाचे तीन अंक घ्या आणि प्रत्येक माणसाच्या चित्रासमोर एका वहीत सहा रकाने भरा: पान क्रमांक, चित्राचा आकार (पाव पान, अर्धे, पूर्ण), फोटोखालच्या ओळीत माणसाचे नाव आहे का, नजर कॅमेऱ्याकडे की खाली, माणूस काही करतो आहे की नुसता बसला आहे, आणि चित्र लेखातले की जाहिरातीतले.

४८ पानांच्या अंकाला हे काम दीड-दोन तासांचे आहे आणि निकाल बहुतेक वेळा बोचरा असतो. शेतीविषयक अंकांत हमखास आढळणारा प्रकार असा: पुरुषाच्या फोटोखाली नाव, गाव, एकर आणि उत्पादन, स्त्रीच्या फोटोखाली ‘कापूस वेचताना महिला’. पुरुष ट्रॅक्टरवर किंवा पिकाला हात लावून उभा, स्त्री पाठमोरी वाकलेली. लेख कितीही समतेचे असोत, अंकाची नजर कोणाची आहे हे त्या रकान्यांत उघडे पडते. चारातल्या एकापेक्षा जास्त चित्रांना नाव नसेल तर छायाचित्रे मागवण्याची पद्धतच बदलायला हवी, केवळ मांडणी नव्हे.

इथे एक गोष्ट स्पष्ट असावी. कव्हरवर स्त्री असणे म्हणजे अंक स्त्रीसाठी असणे नव्हे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्यातून उतरलेल्या मुखपृष्ठांवरच्या देखण्या स्त्रिया दिवाळी अंकांची ओळख बनल्या; पण ती चित्रे घरातल्या सगळ्यांनी पाहण्यासाठी, सणाच्या उत्साहासाठी होती. १९३०चे ‘स्त्री’ किंवा १९८९ साली विद्या बाळ यांनी सुरू केलेले ‘मिळून साऱ्याजणी’ यांनी स्त्रीला वाचक मानले, तो प्रकार वेगळा. मोजणी करताना हा फरक डोळ्यांसमोर ठेवा: चित्रातली व्यक्ती पाहिली जाते आहे, की तिच्यासारखीच कोणी तरी ते पान पाहणार आहे?

३. आकार आणि कागद

डेमी कागद १८ × २३ इंचांचा. त्याचा चतुर्थांश, कापल्यानंतर साधारण ८.५ × ११ इंच, हा मराठी वाचकाच्या हाताला दिवाळी अंकांमुळे सवयीचा झालेला आकार आहे. आपल्या नमुन्याला हाच घ्या. १६ पानांचे तीन फॉर्म (एका मोठ्या कागदाच्या घडीतून निघणाऱ्या पानांचा गठ्ठा म्हणजे फॉर्म) म्हणजे ४८ पाने, वर चार पानांचे कव्हर, सेंटर पिनिंग, म्हणजे मधल्या घडीवर पिना. परफेक्ट बाइंडिंगच्या, म्हणजे पाने कण्याला गोंदाने चिकटवण्याच्या, मोहात पडू नका. इतक्या कमी पानांना कणा धरत नाही आणि अंक सपाट उघडा राहत नाही. हातात खुरपे किंवा मांडीवर मूल असताना वाचणाऱ्याला तो सपाट राहणे महत्त्वाचे.

आत ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला कागद; कव्हरला १७० ते २१० जीएसएम आर्ट पेपर, म्हणजे गुळगुळीत लेपाचा कागद, बाहेरून मॅट लॅमिनेशन. ६० जीएसएमवर पैसे वाचतात, पण मागच्या पानाचा काळा फोटो पुढच्या मजकुरातून डोकावतो. आर्ट पेपरवर आतली पाने छापली तर फोटो उठून दिसतात. पण बल्बचा उजेड परावर्तित होतो, पेनने काही लिहून ठेवता येत नाही, आणि ‘हे कंपनीचे फुकट वाटायचे पुस्तक’ असा समज होतो. कागदालाही सामाजिक अर्थ असतो. साठीच्या दशकात लघुनियतकालिकांच्या मंडळींनी सायक्लोस्टाइल केलेले अंक काढले, त्यात पैशाची अडचण होतीच, पण तो ओबडधोबडपणा प्रस्थापित मासिकांच्या गुळगुळीतपणाला दिलेले उत्तरही होता.

४. अक्षर: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-जोडाक्षरे बसवायची असल्याने त्याच पॉइंटात मूळ अक्षर रोमनपेक्षा लहान दिसते. १० पॉइंट इंग्रजीची सवय असलेला डिझायनर मराठीलाही १० लावतो आणि पान राखाडी होते. साधारण प्रौढ वाचकाला १२ पॉइंट, ओळींतले अंतर १७. आपल्या नमुन्याला, म्हणजे अधूनमधून वाचणाऱ्या आणि मोठ्याने वाचणाऱ्या वाचकाला, १३ वर १९ (अक्षर १३, ओळींतले अंतर १९). ज्येष्ठ नागरिकांच्या अंकाला १५ वर २१-२२. सात-आठ वर्षांच्या मुलांना १८ वर २६.

अंतर कमी केले की वरच्या ओळीचा ऋकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. ‘दृष्टी’, ‘वर्षे’, ‘मूर्ती’ असे शब्द एकाखाली एक आणून चाचणी घ्या.

कॉलमची रुंदी आकड्यांत पाहू. पान २१६ × २८० मिलिमीटर. आतला समास १८, बाहेरचा १५, वर १८, खाली २०. मजकुराला १८३ मिलिमीटर उरतात. दोन कॉलम, मधे ६ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येकी साधारण ८८. तेरा पॉइंटात ओळीला सहा-सात शब्द बसतात. तीन कॉलम केले तर चार शब्द, आणि दोन्ही बाजू सरळ ठेवल्या की शब्दांमधे भगदाडे पडतात, कारण ‘शेतकऱ्यांच्याविषयीची’ असले लांब शब्द तोडता येत नाहीत. तीन कॉलम करायचेच असतील तर उजवी बाजू मोकळी सोडा. दोन कॉलमांच्या पूर्ण पानात ३६ ओळी, म्हणजे साडेचारशेच्या आसपास शब्द. मथळा आणि एक फोटो धरला तर २५० ते ३००. दोन हजार शब्दांचा लेख सात-आठ पाने खातो, हे लेखकाला आधीच सांगा. ऐनवेळी अक्षर बारीक करून मजकूर कोंबणे म्हणजे वाचकाचा चष्मा न पाहता लिहिणे.

आता वळण. मराठी वाचकाच्या डोळ्याला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ सवयीचा असतो. नोव्हेंबर २०२२च्या शासन निर्णयानेही तीच रूपे मराठीसाठी ठरवली. पण पुष्कळ युनिकोड फॉन्ट उघडताच हिंदी वळण दाखवतात: दंडाचा ‘ल’, गाठीचा ‘श’. मोठ्या मथळ्यात हे लगेच खुपते. वाचकाला कारण सांगता येत नाही, पण अंक दिल्लीहून भाषांतरित होऊन आला आहे असे त्याला वाटते. उपाय सोपा आहे: सॉफ्टवेअरमधे मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडा. फॉन्टमधे मराठी रूपे असतील तर ती आपोआप येतात. नसतील तर फॉन्ट बदला. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधे वर्ल्ड-रेडी कंपोझर ही देवनागरीसारख्या लिप्यांची सोय सुरू नसेल तर जोडाक्षरे फुटतात, तेही आधी पाहा.

दुसरी खोड जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतून मजकूर रूपांतरित करताना निघते. त्यात पहिला बळी जातो तो ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’चा. ‘शेतकऱ्यांनी’चे ‘शेतकर्यांनी’ होते, ‘पऱ्हाटी’चे (कपाशीचे झाड) ‘पर्हाटी’. शेतकऱ्यांच्या अंकात ‘शेतकरी’ या शब्दाचेच रूप पानोपानी चुकलेले दिसले, तर त्या अंकाने बाकी काहीही सांगावे! प्रत्येक फाइल आली की ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून एकेक बदला. ‘कार्य’, ‘सूर्य’, ‘आश्चर्य’ हे बरोबर असतात, म्हणून सगळे एका फटक्यात बदलू नका. तसेच ‘बॅंक’, ‘ॲप’, ‘कॉलेज’ यांची चंद्रे तपासा.

५. मास्टहेड आणि कव्हर

बसस्थानकावरच्या स्टॉलवर अंक एकमेकांवर चढवून लावलेले असतात, दिसतो तो वरचा तिसरा हिस्सा. म्हणून नाव वर, ३५ ते ४५ मिलिमीटर उंचीत. फोटोतल्या डोक्याने नाव झाकायची चैन ज्याचे नाव घरोघरी पाठ आहे त्यालाच परवडते. कव्हरवर जास्तीत जास्त चार मथळे, प्रत्येकी सहा शब्दांच्या आत, २४ पॉइंटांहून मोठे. आपला अंक स्टॉलवर जाणारच नसेल, गटांमार्फतच पोहोचणार असेल, तर मथळे दोनच ठेवा आणि फोटोला मोकळे सोडा.

रंगाबाबत महाराष्ट्रात भाबडेपणा चालत नाही. भगवा, निळा, हिरवा, लाल, भंडाऱ्याचा पिवळा यांना राजकीय आणि सामाजिक ओळख आहे. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरे चक्र किंवा भगव्यावर तिरके अक्षर ठेवले की वाचक अंक कुठल्या गोटातला हे ठरवून मोकळा होतो. तुम्हाला तेच म्हणायचे असेल तर जरूर म्हणा, ठामपणे म्हणा. म्हणायचे नसेल तर तो रंग मुख्य रंग म्हणून घेऊ नका, किंवा चार अंकांत पाळी लावून फिरवा. आणि स्त्रियांच्या अंकाला गुलाबी हे समीकरण तर आळसातून आलेले आहे. ज्वारीच्या कणसाचा पांढुरका पिवळा, काळ्या मातीचा काळसर तपकिरी, पऱ्हाटीचा हिरवा, असे रंग त्या वाचकाच्या नजरेसमोर रोज असतात. मॅपलिथोवर ते छापूनही चांगले येतात.

६. छायाचित्र

विकतच्या फोटोसंग्रहात ‘भारतीय शेतकरी’ शोधले की पंजाबी पगडी आणि गव्हाचे शेत येते. ‘ग्रामीण स्त्री’ शोधले की राजस्थानी घागरा. हे छापणे म्हणजे वाचकाला तू कोणीही असलास तरी आम्हाला फरक पडत नाही, असे सांगणे. फोटो निवडताना तपासायच्या गोष्टी: पीक त्या पट्ट्यातले आहे का, हंगाम अंकाच्या महिन्याशी जुळतो का (जूनच्या अंकात फुटलेला कापूस नको), साडी सहावारी की नऊवारी आणि नेसण त्या भागाची आहे का, मंगळसूत्र, कुंकू, बांगड्या. शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबा. प्रत्येक कव्हरवर कुंकू-मंगळसूत्रच दिसले तर विधवा, एकट्या, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती शेतकरी स्त्रियांपैकी कित्येकींना त्या अंकाने दाराबाहेर ठेवले. वर्षाच्या चार कव्हरांचा आराखडा एकदम करा, म्हणजे एका कव्हरवर सगळे कोंबावे लागत नाही.

छायाचित्रकाराला द्यायची सूचना लेखी असावी. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. ती बसली असेल तर छायाचित्रकारानेही बसावे. वरून घेतलेल्या फोटोत माणूस केविलवाणा दिसतो. एक फोटो काम करताना, एक कॅमेऱ्याकडे पाहताना, एक तिने निर्णय घेतलेल्या जागेचा: बियाण्याची पिशवी, हिशेबाची वही, विहीर. चेहरा न दाखवता नुसते भेगाळलेले हात दाखवण्याची हौस आवरा. नाव, गाव, पीक, क्षेत्र जागेवरच लिहून घ्यावे आणि छापण्याची परवानगी घ्यावी. ओळीत ‘अमुक यांच्या पत्नी’ नको. जमीन कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न लेखात यायचा असेल तर यावा, ओळीत तिची ओळख शेतकरी हीच.

मग येतो त्वचेचा रंग. फोटो ‘उजळ’ करण्याचा आदेश बहुतेक संगणकांवर सवयीने दाबला जातो आणि सावळी बाई गुलाबी होते. छपाईच्या चार रंगांत (निळसर सायन, गुलाबी-जांभळा मॅजेंटा, पिवळा आणि काळा) सावळ्या-गव्हाळ त्वचेला पिवळा हा मॅजेंटापेक्षा थोडा जास्त असतो, सायन मॅजेंटाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. मॅजेंटा पिवळ्याच्या वर गेला की चेहरा भाजल्यासारखा दिसतो. सायन फार काढून टाकला की गोरेपणा येतो.

मात्र फोटोला हातच लावायचा नाही, असेही चालणार नाही. मॅपलिथो शाई शोषतो, छपाईचा ठिपका पसरतो, आणि न सुधारता छापलेला सावळा चेहरा काळा गोळा होतो. पदराखालची सावली आणि डोळ्यांभोवतीचा भाग मध्यम छटांत दहा-पंधरा टक्के मोकळा करा, कपाळ आणि गालावरचे उजळ भाग जसेच्या तसे राहू द्या. मग नाक-डोळे दिसतात आणि रंगही तिचाच राहतो. चारही रंगांची बेरीज २८० टक्क्यांच्या आत ठेवा, छपाईच्या ठिपक्यांची जाळी इंचाला १३३ रेषांची. फोटो मूळ मापात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके); व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो पाव पानापेक्षा मोठा वापरू नका, मूळ फाइल मागवा.

७. शब्दांची मांडणी आणि जाहिराती

मथळ्यात वाचकाशी बोलताना ‘तुम्ही’. ‘तू’ जवळीक आणतो खरा, पण पन्नाशीच्या बाईला अनोळखी अंकाने ‘तू’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते. मुलांच्या अंकाला ‘तू’ किंवा ‘तुम्ही मुले’ शोभते. ‘निंदण’ म्हणायचे की ‘खुरपणी’, हे अंक कुठे जास्त जातो त्यावरून ठरवा आणि दुसरा शब्द लेखात पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. वर्गणीच्या कूपनवर ‘सौ./कु.’ छापलेले असते, ते काढा. नुसते ‘नाव’ पुरते, आणि नावासाठी ८० मिलिमीटरची ओळ ठेवा.

जाहिराती एकूण पानांच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे जाऊ देऊ नका. आतले सगळे कष्ट मागच्या कव्हरवरची गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात एका क्षणात पुसून टाकते, तेव्हा चौथ्या कव्हरला काय चालणार नाही हे दरपत्रकातच लिहून ठेवा.

८. डमी, चाचणी आणि प्रूफ

खऱ्या कागदावर, खऱ्या आकारात एक डमी करा. पडद्यावर दाखवून उपयोग नाही. त्या गटातल्या सहा ते आठ जणींना, त्यांच्या जागेवर, एकेकटीला द्या. कव्हर पाच सेकंद दाखवून उलटे ठेवा आणि विचारा: अंक कोणासाठी आहे? कव्हरवरची बाई कुठली वाटते? मग अंक हातात देऊन गप्प बसा. कुठले पान पटकन उलटले, कुठे हात थांबला, अंक डोळ्यांपासून किती लांब धरला, हे टिपा. ‘आवडला का?’ विचारू नका. उत्तर नेहमी ‘छान आहे’ असेच येते. एकीला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. ती जिथे अडखळेल तिथे ओळीची तोड, जोडाक्षर किंवा वाक्याची लांबी यांपैकी काही तरी चुकले आहे. सहातल्या तिघींनी कव्हरवरची बाई ‘शहरातली’ किंवा ‘सिनेमातली’ म्हटले तर कव्हर बदला, कितीही खर्च झालेला असो.

छपाईच्या दिवशी प्रेसवर जाताना कव्हरच्या फोटोची मान्य केलेली कलर प्रूफ (रंगांचा नमुना छाप) बरोबर न्या आणि दिवसाच्या उजेडात ताडून पाहा. चेहरा, मास्टहेडचा रंग, शिरोरेषेची सलगता. बारीक पांढरे देवनागरी अक्षर गडद चौरंगी पार्श्वभूमीवर ठेवले असेल तर रंग जरा सरकला तरी वेलांट्या भरून जातात. १४ पॉइंटांखाली असे अक्षर ठेवायचेच नाही. पहिले काही कागद सोडून मधला एक कागद काढा, घडी घालून पान क्रमांक जुळवा आणि त्यावर तारीख टाकून सही करा. छापून झाल्यावर दुसऱ्या टप्प्यातली सहा रकान्यांची वही या अंकासाठी पुन्हा भरा, पुढच्या अंकाच्या फोटोंची मागणी त्यावरूनच काढायची असते.